बाप जगायला गेला, मुलगा शिकायला

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी बापाची व्यथा दिवाळी अंकांच्या वाचकाला नवी नाही. उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, त्याच्या आधीपासून आणि नंतरही, न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाला आजीशी चार वाक्ये मराठीत बोलता येत नाहीत, सणवार त्याला आईवडिलांचे खासगी छंद वाटतात आणि लग्नाचा निर्णय तो घराला न विचारता घेऊन मोकळा होतो, ही खंत इतक्या वेळा मांडली गेली आहे की तिला आता ठरीव घाट आला आहे. त्या घाटातला बाप शिकलेला असतो, देश त्याने आपल्या मर्जीने सोडलेला असतो आणि दुःख कागदावर उतरवण्याइतकी भाषा त्याच्यापाशी असते. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत, पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत, राज्याची हद्दही कधी न ओलांडलेल्या बापांच्या वाट्याला हेच दुःख आलेले आहे. ते वर्षातले सहा-सात महिने परक्या मुलखात राबतात, त्यांची मुले त्याच काळात तिसऱ्याच ठिकाणी वाढतात, आणि दोघांची गाठ पडते तेव्हा एकाला दुसऱ्याचे वळण ओळखीचे वाटत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा सागरी आणि नागरी पट्ट्याबरोबर हा डोंगरी भागही नव्या जिल्ह्यात आला. दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी आणि कातकरी या येथल्या मुख्य जमाती. जव्हारला महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत होते, म्हणजे येथला आदिवासी एके काळी आदिवासी राजाचीच प्रजा होता. मात्र राजाची जात आणि रयतेची जात जवळची असल्याने रयतेचे पोट भरतेच असे नाही, हेही याच संस्थानाने दाखवून दिले. पाऊस येथे धो धो कोसळतो आणि कातळाच्या उतारावरून तितक्याच वेगाने वाहून जातो. मोखाड्याच्या हद्दीतील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईच्या नळाला जाते आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजतात. खाचरात भात, वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, नागली आणि वरई, बांधाच्या कडेने उडीद आणि खुरासणी, असे पावसाच्या भरवशाचे एकच पीक येथे निघते, आणि ते खळ्यावरून घरात आले की शेतात पुढच्या पेरणीपर्यंत करण्यासारखे फारसे काही राहत नाही. मग लोक जगायला जातात. स्थलांतर हा शब्द सरकारी अहवालांचा आहे. पाड्यावर कोणाचे घर कुलूपबंद दिसले आणि चौकशी केली तर शेजारी एवढेच सांगतात की ते जगायला गेले.

बयाणा

हे जाणे दिवाळीनंतर घडते, पण ते ठरलेले असते श्रावण-भाद्रपदात. घरातले भात संपलेले आणि नवे अजून शेतात, अशा अडचणीच्या महिन्यांत वीटभट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येतो आणि काही हजार रुपये हातावर ठेवतो. हा बयाणा, म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या श्रमाची आगाऊ उचल. तो घेतला की त्या कुटुंबाचा हिवाळा आणि उन्हाळा विकला गेला, असे समजावे. दिवाळी संपताच टेम्पो येतो, त्यात गोधड्या, भांडी, ताडपत्री, तांदळाचे गाठोडे, दोन-चार कोंबड्या आणि पाळण्यातले मूल चढते, आणि गाडी भिवंडी, वाडा, शहापूर, कल्याण किंवा वसईच्या दिशेने निघते. सगळेच भट्टीवर जातात असे नाही. मोखाड्याकडचे अनेक जण नाशिककडच्या द्राक्षबागांत उतरतात, काही वसई-विरारच्या इमारतींवर जातात, काही बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटी लागतात, आणि जे कोणाशीही बांधलेले नसतात ते सकाळी शहरांच्या नाक्यांवर उभे राहून दिवसाचे गिऱ्हाईक शोधतात. भट्टीवर मात्र सर्वांत अडलेले लोक जातात, आणि त्यांत कातकरी अधिक असतात. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे, त्यांपैकी ही एक.

भट्टीवर मजुरी माणसाला मिळत नाही, जोडीला मिळते. नवरा माती भिजवून तुडवतो, गारा करतो, साच्यात वीट पाडतो. बायको गारा वाहते, विटा पसरते, उलटते, रचते. आणि हजार विटांमागे ठरलेला दर दोघांच्या नावावर लिहिला जातो. ऊन चढण्याआधी माती हाताळावी लागते, म्हणून काम पहाटेच्याही आधी, काळोखात सुरू होते. आठवड्याच्या बाजाराला मालक खर्ची देतो, म्हणजे मीठ-मिरची आणि तेलापुरते पैसे, आणि हंगाम संपला की बयाणा व खर्ची वजा करून हिशेब होतो. तो बहुधा मालकाच्या वहीत असतो. अंगावर काही फिटायचे राहिले तर ते पुढच्या वर्षाच्या बयाण्यात मिळवले जाते. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ साली झाला, पण वेठ जेव्हा उचलीच्या रूपाने येते आणि उचल भुकेच्या महिन्यात येते, तेव्हा ती ओळखणेच अवघड होऊन बसते.

या मजुरीला पर्याय कागदावर आहे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला आणि देशाने २००५ साली केलेल्या कायद्याला त्याचाच आधार होता; २०२५-२६ साठी राज्यातील हमी मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. परंतु हमीचे पैसे काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, खात्यात पडल्यावर मिळतात आणि बयाणा कामाच्या आधी, रोख, दारात येऊन मिळतो. घरात दाणा नसलेला माणूस या दोहोंतून काय निवडणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

भाताच्या दिवसांतला तारपा

बापाच्या दुःखाचा या सगळ्याशी असलेला संबंध समजण्यासाठी तारप्याचे वेळापत्रक पाहावे लागते. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. सुकवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, मधमाशीच्या मेणाने घट्ट केलेले सांधे आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा, असा त्याचा घाट असतो. वाजवणाऱ्याला सूर तोडता येत नाही, त्यामुळे गालांत कोंडलेली हवा नळीत सोडत असतानाच नाकाने श्वास आत ओढण्याची कला त्याला साधावी लागते, आणि ती काही महिन्यांत येत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात, तारपकऱ्याकडे पाठ न करता त्याच्याभोवती फिरतात, आणि त्याने चाळा, म्हणजे चाल, बदलला की पावलेही बदलतात. हे शिकवण्याचा वर्ग कधीच नव्हता. मूल आधी आईच्या कडेवरून पाहते, मग साखळीच्या शेपटाला लोंबकळते, मग केव्हातरी म्हाताऱ्याच्या हातचा तारपा तोंडाला लावून फुसफुस करते, आणि आठ-दहा हंगामांनंतर त्यातला एखादा वाजवू लागतो.

हा हंगाम साधारणपणे नवे भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतचा असतो. इतर वेळी तारपा वाजवायचा नाही असा जुना दंडक आहे, कारण तो करमणुकीचा प्रकार नव्हे. धान्याची देवी कनसरी, हिरवा देव, गावदेव यांच्याशी तो जोडलेला आहे. याच दिवसांत नवे खाण्याचा विधी होतो, ज्याच्या आधी नव्या धान्याला तोंड लावायचे नसते. याच दिवसांत वाघबारस येते, तेव्हा गुराखी पोरे वाघोबाच्या ठाण्यावर जमतात. आणि याच दिवसांत करांद्याचे कंद उकडण्याचा वास घरोघर असतो. कुटुंब अजून भट्टीवर गेलेले नसते, म्हणजे बाप घरी असतो. मुलगा मात्र नसतो. तो आश्रमशाळेत असतो, कारण शाळेचे सत्र जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा तारप्याच्या रात्री सरत आलेल्या असतात. मुलगा गावात येतो, चार दिवस राहतो, आणि टेम्पो दारात उभा राहतो. एप्रिलअखेर शाळा सुटते तेव्हा बाप भट्टीवर असतो. मुलगा एकतर आजीपाशी राहतो किंवा भट्टीवर जाऊन विटा उलटू लागतो. पाऊस पडतो, बाप परत येतो, आणि त्याच सुमाराला शाळेची घंटा होते.

अल्जीरियात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ अब्देलमालेक सयाद यांनी फ्रान्सच्या कारखान्यांत मजुरीस गेलेल्या अल्जीरियन शेतकऱ्यांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि त्यांच्या निधनानंतर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या मजुरांच्या अवस्थेला दुहेरी अनुपस्थिती असे नाव मिळाले: गावात तो नसतो म्हणून अनुपस्थित, आणि शहरात असूनही हिशेबात नसतो म्हणून तिथेही अनुपस्थित. जव्हार-मोखाड्यात ही अनुपस्थिती तिहेरी होते, कारण मुलगाही गावात नसतो आणि बापापाशीही नसतो. परदेशस्थ मराठी घरात निदान एका छपराखाली वाद तरी होतो, मुलगा नको म्हणतो, बाप रागावतो, आई मध्ये पडते. येथे नको म्हणण्याची वेळच येत नाही. मुलाने वारसा नाकारला असे म्हणायला तो आधी त्याच्या पुढे ठेवला गेला पाहिजे, आणि ज्या महिन्यांत तो पुढे ठेवला जातो त्या महिन्यांत मुलगा वसतिगृहाच्या पत्र्याखाली पाढे म्हणत असतो.

दोन वेळचे जेवण

तरीही मुलाला शाळेत घालणारा बापच असतो, आणि त्याची कारणे समजून न घेता आश्रमशाळेला दोष देणे फार सोपे आहे. आज चाळिशीच्या आसपास असलेला बाप १९९२ मध्ये लहान मूल होता. त्या वर्षी जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषण आणि त्यावर चढलेल्या आजारांनी शंभरावर बालके दगावली, मुंबईचे पत्रकार आणि मंत्री डोंगर चढून आले, आणि जव्हारचे नाव राज्यभर झाले ते या एका कारणाने. त्या पिढीच्या दृष्टीने आश्रमशाळा म्हणजे प्रथम दोन वेळचे जेवण, मग अंगावर कपडा, मग दवाखान्याची सोय, आणि अक्षर त्यानंतर. भट्टीवर नेलेले मूल विटा उलटेल आणि गावात ठेवलेले मूल उपाशी राहील, हे ज्याने स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे त्याने मुलाला शाळेच्या दारात सोडले, तर त्यात संस्कृतीविषयीची उदासीनता शोधणे हा शहरी अभ्यासकाचा उद्धटपणा होईल.

मधला मार्ग कोणी शोधलाच नाही असेही नाही. वसईच्या विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची पेंढ्या-काटक्यांची झोपडी, आणि शाळा मुलाच्या मागे तिथवर गेली. शासनानेही हंगामी वसतिगृहांची योजना आणली, ज्यात आईबाप गेले तरी मूल गावातच राहते आणि संध्याकाळी त्याला जेवण मिळते. या व्यवस्थांत निदान मुलाची जागा बापाजवळ किंवा गावाजवळ राहते. उलट टोकाला आदिवासी विकास विभागाची नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांची योजना आहे, जिच्यात निवडलेली मुले जिल्ह्याबाहेरच्या खासगी शाळांत जातात. तिथून आलेले मूल आणि त्याची नागली दळणारी आजी यांच्यामधले अंतर मोजायला न्यू जर्सी फार दूर पडत नाही.

आश्रमशाळा काय शिकवते यापेक्षा ती काय शिकवत नाही हे येथे निर्णायक ठरते. पूर्वी आठ-दहा वर्षांचा मुलगा गुरांमागे जाई आणि रान शिके: कोणता कंद उकडल्याशिवाय खायचा नाही, पहिल्या पावसात मासा कोणत्या ओहोळात चढतो, वाघोबाच्या ठाण्यावरून जाताना काय करायचे, कोणत्या झाडाला कोयता लावायचा नाही. त्या शिक्षणात बाप जाणकार होता. शाळेत तोच बाप अडाणी ठरतो. फाटकाशी उभा राहून तो शिक्षकांशी बोलतो तेव्हा त्याची वारली किंवा कोकणा बोली शिक्षकांना नीट कळत नाही, कारण त्यांतले पुष्कळसे देशावरून किंवा खानदेशातून आलेले असतात. आणि मुलगा, ज्याने एव्हाना पुस्तकातली मराठी उचललेली असते, बापाचे म्हणणे शिक्षकांना समजावून सांगतो. प्रमाण मराठीतून शिकणे मुलासाठी आवश्यकच आहे, पण घरच्या बोलीला वर्गात थोडीही जागा न देता ते घडवले की मुलगा त्यातून एक न सांगितलेला धडा घेतो: आपल्या बापाची भाषा ही चूक आहे.

हिशेब वाचणारा मुलगा

मार्गारेट मीड या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात संस्कृतींचे तीन प्रकार सांगितले: जिथे मुले वडीलधाऱ्यांकडून शिकतात, जिथे मुले आणि मोठे आपापल्या बरोबरीच्यांकडून शिकतात, आणि जिथे मोठ्यांना मुलांकडून शिकावे लागते. जव्हारच्या पाड्यावर पहिल्या प्रकारातून तिसऱ्यात जाण्याला एक पिढीही पुरली नाही. बँकेचे खाते, आधारचा अंगठा न जुळणे, रेशनचे यंत्र, हमीच्या कामाचे मस्टर, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा आणि त्याला जोडायचा नकाशा, या प्रत्येक ठिकाणी बापाला मुलाचा हात धरावा लागतो. भट्टीमालकाच्या वहीतला आकडा पहिल्यांदा मोठ्याने वाचला गेला, तो अनेक घरांत अशाच एखाद्या नववी-दहावीच्या मुलामुलीने. त्यामुळे हजार विटांचे पैसे पाचशेंचे लावणे मालकाला पूर्वीइतके सोपे राहिले नाही. बापाला याचा अभिमान असतो आणि तो चारचौघांत बोलूनही दाखवतो.

परंतु अधिकार उलटला की त्याबरोबर पुष्कळ काही उलटते. जव्हारच्या महाविद्यालयात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून बोईसरला वा भिवंडीच्या गोदामात लागलेला मुलगा खोली घेऊन राहतो, त्याला पगार असतो, त्याच्या मोबाईलमध्ये मुंबईच्या मुलाकडे असते तेच सगळे असते, आणि जगायला जाणे हा शब्द तो स्वतःसाठी वापरत नाही. तो कामाला असतो. सहकाऱ्यांपुढे तो बोली बोलत नाही. बाप भेटायला आला तर त्याला आधी केस कापून, पँट घालून यायला सांगतो. गावात आल्यावर भगताकडे न जाता तो दवाखान्यात जातो, जे योग्यच आहे; कोंबडा देवाला का द्यायचा असे विचारतो, आणि हा प्रश्न विचारण्याचा त्याला हक्क आहे; लग्नात धवलेरी नको म्हणतो, आणि येथे मात्र त्याला काय नाकारतो आहे याची कल्पना नसते. धवलेरी म्हणजे वारली लग्न लावणारी बाई. भिंतीवर सुवासिनींनी काढलेल्या चौकात पालघाट देवी बसते, धवलेरीच्या गाण्यांवाचून लग्न लागत नाही, आणि पुरोहिताचे काम एका आदिवासी बाईकडे असणे ही गोष्ट या देशात पुष्कळ पुढारलेल्या समाजांनाही साधलेली नाही. शहर पाहून आलेला मुलगा तिच्याऐवजी भटजी बोलावतो आणि आपण सुधारलो असे समजतो.

बापाचे दुःख रडण्यात किंवा भांडणात दिसत नाही. ते दिसते त्याच्या गप्प होण्यात. लग्नाचे सामान, पाहुणे, मांडव, सगळे मुलाच्या विचाराने ठरत असताना तो कडेला बसतो, विचारले तर तुम्हाला कळते तसे करा म्हणतो, आणि संध्याकाळी ताडी किंवा दारू घेऊन येतो. मग दारुडा म्हणून मुलगा त्याला बोलतो. दारूने येथली घरे बसली आहेत यात शंका नाही, परंतु ज्या माणसाचे सर्व ज्ञान एका पिढीत निरुपयोगी ठरले त्याने रिकाम्या वेळेचे काय करावे, याचाही विचार दारूबंदीच्या भाषणांत कधीतरी व्हायला हवा.

दुसरी संस्कृती कोणती

मुलाने स्वीकारलेली दुसरी संस्कृती एकच एक नाही. हळदीला डीजे, वाढदिवसाला केक, नवरात्रात गरबा, गणपतीत मंडळ, हा तिचा सर्वांत दिसणारा भाग, आणि तो वसई-भिवंडीच्या चाळींतून सरळ उचललेला आहे. दुसरा प्रवाह वारकरी माळेचा आहे. गळ्यात माळ घातलेला मनुष्य दारू सोडतो, कर्ज कमी करतो, घर सावरतो, पण कोंबडा-बकऱ्याच्या देवकार्यातून तो बाजूला होतो, आणि काही घरांत तर माळकरी बाप आणि डीजेवाला मुलगा दोघेही गावदेवाला पारखे झालेले असतात.

तिसरा प्रवाह सर्वांत गुंतागुंतीचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवलेला ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आता जव्हार-मोखाड्यात मिरवणुकांनी साजरा होतो. तीत टी-शर्ट असतात, झेंडे असतात, झारखंडच्या बिरसा मुंडांची तसबीर असते, गाडीवर तारपा असतो आणि त्यामागे स्पीकरच्या भिंती असतात. आदिवासी म्हणून अभिमान बाळगणारा हा मुलगा बापापेक्षा अधिक जागरूक आहे. त्याला आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा माहीत आहे, ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा हे माहीत आहे, आणि जमिनीच्या व्यवहारात त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. बाप मात्र स्वतःला वारली म्हणतो, कोकणा म्हणतो, क्वचित फक्त पाड्याचे नाव सांगतो. बिरसा त्याला ठाऊक नाही. ऐन पावसात, भाताला अजून ओंबीही नसताना, तारपा गाडीवर चढवून वाजवलेला पाहिला की त्याला जे वाटते ते त्याला मिरवणुकीत सांगता येत नाही, कारण मिरवणूक त्याच्याच सन्मानासाठी निघालेली असते. मुलगा बापाची संस्कृती सोडून गेला असे म्हणावे तर तो तिचाच जयजयकार करतो आहे; सांभाळली असे म्हणावे तर तिचे दिवस, तिचे विधिनिषेध आणि तिची भाषा मिरवणुकीबाहेर राहिली आहे. न्यू जर्सीतला मुलगा ढोलताशा पथकात ढोल बडवतो आणि घरी इंग्रजीत बोलतो, त्याचाच हा सख्खा भाऊ.

जे टिकले

सगळेच गेले असे चित्र रंगवणे मात्र खोटे ठरेल. मोखाड्याचा बोहाडा टिकून आहे. फाल्गुन-चैत्राच्या रात्री, संबळ आणि पिपाणीच्या तालावर, देवदैत्यांचे मुखवटे घातलेली सोंगे गावाच्या रस्त्यातून नाचत येतात, आणि कोणते सोंग कोणी नाचवायचे याचा मान पुष्कळदा घराण्यात, बापाकडून मुलाकडे, चालत येतो. त्या मानासाठी बोईसर-भिवंडीचा मुलगा रजा टाकून गावात येतो. होळीचेही तसेच, शिमग्याला भट्टीचे काम थंडावते, नाके ओस पडतात, आणि ठेकेदारालाही ठाऊक असते की या दिवसांत मजूर थांबत नाही. म्हणजे जिथे बाप आणि मुलगा एकाच वेळी गावात असतात तिथे वारसा सरकतो, आणि जिथे नसतात तिथे तो अडतो. संस्कृतीच्या ऱ्हासाविषयी मोबाईलला आणि चित्रपटांना जितका दोष दिला जातो, त्यापेक्षा अधिक दोष पंचांग आणि शालेय वेळापत्रक यांच्या या ताटातुटीकडे जातो.

वारली चित्रांची गोष्ट आणखी निराळी आहे. लग्नाच्या चौकापुरती, बायकांच्या हातची ही कला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागदावर आणण्यास चालना दिली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती स्वतःची केली, जग फिरवली, २०११ मध्ये पद्मश्री मिळवली, आणि त्यांचे मुलगेही चित्रकार झाले. येथे बापाचा हात मुलाच्या हातात गेला, कारण त्या हाताला बाजारात दाम होता. विधी मागे पडला, बायका मागे पडल्या, पण रेषा राहिली. तारप्याला असा बाजार नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना जानेवारी २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तालुक्याचे नाव कुपोषणाखेरीज दुसऱ्या कारणाने देशभर घेतले गेले, ही मोठीच गोष्ट. परंतु पुरस्कार वादकाला मिळतो, शिकणाऱ्याला वेळ मिळवून देत नाही.

तो वेळ मिळवून देणे सरकारच्या हातात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना आणि कारागिरांना शाळेत शिकवण्यासाठी नेमण्याची शिफारस आहे, तेव्हा पाड्यावरचा तारपकरी, घांगळी वाजवून कनसरीची कथा सांगणारा कथेकरी, कंद ओळखणारी म्हातारी आणि धवलेरी यांना आश्रमशाळेत मानधनावर बोलावण्यास नवा कायदा लागत नाही. आणि वर्गात बोलावलेल्या बापाला मुलगा अडाणी समजत नाही, हा त्यातला मोठा लाभ. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळांच्या सुट्ट्या जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात, ग्रामसभांना विचारून ठरवाव्यात. पहिली मोठी सुट्टी भात पिवळे पडते तेव्हा, वाघबारशीच्या आधी पंधरा दिवस द्यावी, आणि हमीच्या कामाची मजुरी श्रावणात, भट्टीवाल्याचा माणूस बयाणा घेऊन पाड्यावर येण्यापूर्वी, लोकांच्या हातात पडेल अशी व्यवस्था करावी.